पाय कोणाचे लवकर थकतात, कोणाचे उशिरा? एचटीएलव्ही-१ आणि मज्जारज्जूचा आजार

एचटीएलव्ही-१ हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. एचआयव्ही सर्वांना माहीत आहे. हा त्याच मोठ्या कुळातला, पण वेगळा विषाणू. नावांचा गोंधळ व्हायला कारणही आहे. एड्सच्या विषाणूला अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८४ साली आधी एचटीएलव्ही-३ असेच नाव दिले होते, आणि एचआयव्ही हे नाव १९८६ मध्ये पक्के झाले. म्हणून आधीच सांगून ठेवतो : रिपोर्टवर ‘एचटीएलव्ही-१ पॉझिटिव्ह’ असे लिहिले असेल तर तो एड्स नव्हे. हा विषाणू शरीरात आयुष्यभर राहतो, पण ज्यांच्या अंगात तो आहे त्यांतल्या बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. शंभरातल्या थोड्यांना, म्हणजे देशादेशाप्रमाणे पाव टक्का ते चार टक्के लोकांना, मज्जारज्जूचा आजार होतो. आणखी काहींना रक्ताचा एक प्रकारचा कर्करोग होतो. या लेखात आपण मज्जारज्जूच्या आजाराबद्दलच बोलू, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. हा आजार कोणाला दोन वर्षांत अंथरुणाला खिळवतो आणि कोणी वीस वर्षांनंतरही काठी घेऊन बाजारात जातो. असे का होते?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली येणारी मज्जातंतूंची जाड दोरी. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत तिच्यातूनच जातो. या आजारात त्या दोरीच्या मधल्या भागाला, छातीच्या मागच्या मणक्यांत, सूज येते आणि तंतू हळूहळू मरतात. त्यामुळे हात बहुधा शाबूत राहतात आणि कमरेखालचा भाग बिघडतो. पाय लुळे पडत नाहीत, उलट ताठ होतात. रुग्ण सांगतो, ‘पाय लाकडासारखे झालेत.’ चालताना पंजा जमिनीला घासतो, चपलेचा पुढचा भाग आधी झिजतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. लघवीची घाई होते किंवा लघवी अडते. बद्धकोष्ठ होते, कंबर दुखते. पुष्कळांची सुरुवात लघवीच्या तक्रारीनेच होते आणि पायांकडे लक्ष मागाहून जाते. दोन-तीन वर्षे ‘वाताचा त्रास’ म्हणून तेल चोळण्यात निघून जातात.

हा आजार विषाणूचा आहे हे कळायला खूप काळ लागला. जमैका बेटावर क्रुइकशँक नावाच्या डॉक्टरांनी १९५६ साली अशा रुग्णांचे वर्णन केले, आणि पुढे कितीतरी वर्षे त्याला ‘जमैकाचा मज्जाविकार’ म्हणत आणि कारण गरिबांच्या खाण्यात शोधत. मार्टिनिक हे कॅरिबियन समुद्रातले फ्रेंच बेट. तिथे १९८५ मध्ये आंत्वान जेसँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १७ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा १० जणांत एचटीएलव्ही-१ च्या खुणा सापडल्या. पुढच्याच वर्षी जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमा येथे मित्सुहिरो ओसामे यांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट दाखवली. जगात निदान ५० लाख ते एक कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू असावा असा अंदाज आहे. ते विखुरलेले नाहीत, ठरावीक जागी दाटलेले आहेत : दक्षिण जपान, कॅरिबियन बेटे, ब्राझीलचा बाहिया प्रांत, पेरू, इराणमधील मशहद, मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्या, आफ्रिकेचे काही भाग. यादी नीट वाचली तर दिसेल की जपान सोडले तर बहुतेक जागा गुलामांच्या वंशजांच्या, आदिवासींच्या, गरिबांच्या आहेत. या आजारावर संशोधन कमी झाले त्यामागे हेही एक कारण आहे, असे मला वाटते.

वेग मोजायचा कसा?

मार्टिनिकच्या डॉक्टरांनी १२३ रुग्णांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवले आणि २००६ साली आकडे छापले. लक्षणे सुरू झाल्यापासून एका काठीची गरज लागायला मधल्या रुग्णाला ६ वर्षे लागली, दोन्ही हातांना आधार लागायला १३ वर्षे, चाकाच्या खुर्चीवर यायला २१ वर्षे. ‘मधला’ म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आधी, निम्मे त्याच्या नंतर. हा आकडा कोणाच्याही कपाळी लिहिलेला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना खूप माणसे आहेत. काहींना दोन वर्षांतच आधाराशिवाय उभे राहता येत नाही. काही जण वर्षानुवर्षे एकाच पायरीवर थांबतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हा आजार सगळा काळ सारख्या वेगाने चालत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मज्जारज्जूत सूज जास्त असते, म्हणजे आग पेटलेली असते. पुढे आग मंदावते आणि उरते ती जळून गेलेली जागा. म्हणून पहिल्या काही वर्षांत निदान होणे फार मोलाचे आहे. जळत असलेल्या जागेवर औषध काही करू शकते. जळून गेलेल्या जागेवर फारसे नाही.

वेग ठरवणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट वय. आजार पन्नाशीनंतर सुरू झाला तर तो जास्त झपाट्याने वाढतो, हे मार्टिनिकमध्येही दिसले आणि जपानमध्येही. वयाबरोबर मज्जातंतूंची भरपाई करण्याची ताकद कमी होते. तरुणपणी एक वाट बंद पडली तर शरीर दुसरी शोधते, साठीत तेवढी गुंजाईश राहत नाही. जपानमध्ये आजार सुरू होण्याचे सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास आहे, म्हणजे घर चालवण्याच्या ऐन वयात.

दुसरी गोष्ट विषाणू अंगात कोणत्या वाटेने आला. वाटा तीन आहेत : आईच्या दुधातून बाळाला, शरीरसंबंधातून, आणि रक्तातून, म्हणजे रक्त चढवताना किंवा दुसऱ्याने वापरलेल्या सुईने. दुधातून आलेला विषाणू तीस-चाळीस वर्षे गप्प बसू शकतो. रक्तातून आलेला तसा बसत नाही. एका बाटलीतून लाखो बाधित पेशी एकदम अंगात शिरतात. फ्रान्समध्ये हृदय प्रत्यारोपणाच्या वेळी चढवलेल्या रक्तातून एका माणसाला लागण झाली आणि १८ आठवड्यांत त्याचे पाय बिघडू लागले. हे १९९० साली प्रसिद्ध झाले. स्पेनमध्ये एकाच दात्याचे अवयव मिळालेल्या तिघांनाही दोन वर्षांच्या आत हा आजार झाला. दाता स्वतः निरोगी दिसत होता. रक्तातून लागण झालेल्या रुग्णांत आजार पुढेही वेगाने जातो, असे जपानी डॉक्टरांनी नोंदले आहे. जपानने १९८६ पासून दान केलेले प्रत्येक रक्त या विषाणूसाठी तपासायला सुरुवात केली आणि ती वाट बंद केली.

तिसरी गोष्ट जरा समजावून सांगायला हवी, कारण सगळ्याच्या मुळाशी ती आहे. हा विषाणू रक्तात मोकळा फारसा हिंडत नाही. तो आपल्या पांढऱ्या पेशींतल्या टी पेशींच्या आत शिरतो आणि स्वतःची नोंद त्या पेशीच्या गुणसूत्रात लिहून ठेवतो. पेशी दुभंगली की दोन्ही पेशींत तो असतो. म्हणजे त्याची वाढ बहुतांशी आपल्याच पेशींच्या वाढीने होते. शंभर पांढऱ्या पेशींमागे किती पेशींत तो बसला आहे, या मापाला डॉक्टर ‘प्रोव्हायरल लोड’ म्हणतात. आपण त्याला विषाणूभार म्हणू. कागोशिमात २०० रुग्ण आणि तितकेच निरोगी वाहक तपासले, तेव्हा रुग्णांतला मधला विषाणूभार वाहकांच्या १६ पट निघाला. भार जास्त तर आजार होण्याची शक्यता जास्त. आणि मार्टिनिकमध्ये दिसले की भार जास्त असलेल्या रुग्णांचा आजार पुढेही जास्त वेगाने जातो.

पण भार एकटा सगळे सांगत नाही. भार जास्त असूनही धडधाकट फिरणारे वाहक आहेत. फरक पडतो तो मज्जारज्जूत काय चालले आहे त्यावर. बाधित टी पेशी रक्तातून मज्जारज्जूत शिरतात आणि इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडतात. त्याने तिथल्या आधार देणाऱ्या पेशी चेतावतात आणि सीएक्ससीएल-१० नावाचे दुसरे रसायन सोडतात. ते रसायन रक्तातल्या आणखी टी पेशींना हाक मारते. त्या आल्या की पुन्हा इंटरफेरॉन, पुन्हा हाक. असे हे चक्र फिरत राहते, आणि ज्यांच्यात ते जोरात फिरते त्यांचे पाय लवकर जातात. मणक्यातले पाणी काढून त्यात हे सीएक्ससीएल-१० आणि निओप्टेरिन नावाचा आणखी एक पदार्थ मोजला, तर पुढचा वेग रक्तातल्या विषाणूभारापेक्षा जास्त चांगला ओळखता येतो, असे जपानमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले. आता तिथे औषध किती जोराचे द्यायचे हेही या मापांवरून ठरवतात. मणक्यातले पाणी काढायला लोक घाबरतात. ‘पाणी काढले की माणूस लंगडा होतो’ अशी समजूत आपल्याकडेही आहे. सुई ज्या जागी घालतात तिथपर्यंत मज्जारज्जू पोहोचलेलीच नसते, ती वरच संपते. एक-दोन दिवस डोके दुखू शकते, इतकेच.

चौथी गोष्ट जन्माने मिळालेली. आपल्या पेशींवर ओळखपत्रासारखे प्रथिनांचे शिक्के असतात आणि ते आईवडिलांकडून येतात. दक्षिण जपानमध्ये असे दिसले की एचएलए-ए०२ हा शिक्का असलेल्या वाहकांना हा आजार होण्याची शक्यता निम्म्याने कमी असते. कारण त्यांच्या मारक पेशी बाधित पेशी लवकर ओळखून मारतात. मात्र इराणमधल्या मशहदमध्ये तपासले तेव्हा तोच शिक्का असून तसे संरक्षण दिसले नाही. एका समाजात खरे ठरलेले दुसऱ्या समाजात जसेच्या तसे लागू होत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. रक्ताची महागडी ‘जीन टेस्ट’ करून भविष्य सांगणाऱ्यांपासून म्हणूनच सावध राहावे.

आणि बायका. जगभर या आजारात बायकांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. जपानच्या रुग्णनोंदणीत चारांपैकी तीन रुग्ण स्त्रिया आहेत. पुरुषाकडून स्त्रीला लागण जास्त सहज होते, हे त्याचे एक कारण. ब्राझीलमधील एका पाहणीत तर स्त्रियांचा आजार पुरुषांपेक्षा वेगाने वाढलेला दिसला, विशेषतः पाळी जाण्यापूर्वी आजार सुरू झालेल्यांचा.

आजार वाढला, की आजाराच्या नावाखाली दुसरे काही?

वर सांगितलेल्या गोष्टींपैकी वय, जन्माचे शिक्के आणि विषाणूची वाट या आपल्या हातात नाहीत. पण पाय बिघडण्याचा जो वेग घरच्यांना दिसतो, त्यातला काही वाटा विषाणूचा नसतोच, आणि या भागाकडे डॉक्टरांचेही पुरेसे लक्ष जात नाही. मज्जारज्जूच्या कोणत्याही आजारात कमरेखाली कुठेही त्रास झाला की पायांचा ताठरपणा वाढतो. लघवीत जंतुसंसर्ग झाला, पोट चार दिवस साफ झाले नाही, नखात पू झाला, पाठीला बसून-बसून जखम झाली, की काल भिंत धरून चालणारी बाई आज उभीच राहू शकत नाही. घरचे म्हणतात, आजार वाढला. खरे तर संसर्ग बरा केला की ती पुन्हा भिंत धरून चालू लागते. हे ओळखले नाही तर ती अंथरुणात पडून राहते, स्नायू वाळतात, सांधे आखडतात, आणि मग खरोखरच परत उठता येत नाही.

आपल्या वस्त्यांत याला एक खास कारण जोडले जाते. संडास गल्लीच्या टोकाला, रात्री दिवा नाही, रांग आहे. लघवीची घाई असलेली बाई काय करते? पाणी पिणे बंद करते. संध्याकाळी पाचनंतर घोटभरही नाही. त्यातून लघवी घट्ट, संसर्ग, बद्धकोष्ठ, आणि त्यातून पाय आणखी ताठ. पायांचे औषध नंतर, आधी रात्रीसाठी घरात झाकणाची बादली किंवा भांडे ठेवा आणि तिला दिवसभर पाणी पिऊ द्या. यात लाजण्यासारखे काही नाही. लघवी पूर्ण बाहेर पडत नसेल तर दिवसातून ठरलेल्या वेळी स्वच्छ नळी घालून ती काढायला शिकवतात. रुग्ण स्वतः ते करू शकतो आणि त्याने मूत्रपिंडे वाचतात.

पडणे हाही वेग वाढवणाराच प्रकार आहे. ताठ पायाने उंबऱ्याला अडखळून खुब्याचे हाड मोडले, तर विषाणूने दहा वर्षांत केले नसते ते नुकसान एका दिवसात होते. मागे पट्टा असलेली चप्पल, मोरीजवळ धरायला एक लोखंडी दांडा, आणि रोज पोटऱ्या व मांड्या ताणण्याचा व्यायाम, यावर फार खर्च होत नाही.

औषधाचे काय?

विषाणू अंगातून काढून टाकणारे औषध नाही, लसही नाही. एचआयव्हीची औषधे इथे उपयोगी पडत नाहीत. झिडोव्हुडीन आणि लॅमिव्हुडीन ही जोडी रुग्णांवर नीट चाचणी करून पाहिली आणि फायदा दिसला नाही. कारण वर आलेच आहे : हा विषाणू नव्या प्रती काढून वाढण्यापेक्षा पेशी दुभंगण्याने वाढतो, आणि ती औषधे प्रती काढणे थांबवतात. उपयोग होतो तो सूज कमी करणाऱ्या औषधांचा, मुख्यतः स्टेरॉइडचा. ज्यांची आग जोरात आहे त्यांना आधी मोठा डोस शिरेतून आणि मग गोळ्यांचा लहान डोस, अशी जपानमधली पद्धत आहे. ज्यांचा आजार जवळजवळ थांबलेला आहे त्यांना स्टेरॉइड देऊन साखर वाढवणे आणि हाडे ठिसूळ करणे यात हित नाही. म्हणूनच वेग आधी ओळखायचा असतो. एक इशारा : सांधेदुखी-कंबरदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस बरे वाटते. खूप दिवस घेऊन ती एकदम बंद केली तर जीवावर बेतू शकते. डॉक्टरांकडे जाताना ती पुडी लपवू नका, बरोबर न्या.

आपल्याकडे

भारतात हा विषाणू कमी आहे. दक्षिण भारतातून त्याच्या रुग्णांची नोंद झालेली आहे. आपल्या रक्तपेढ्यांत प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. एचटीएलव्ही त्यात नाही. म्हणून रक्तदान करायचे टाळू नका. जयंतीच्या शिबिरात रक्त देणाऱ्याला दरवेळी नवी सुई असते, देण्याने काहीही लागत नाही. जपून राहायचे ते घेताना : गरज नसताना ‘अशक्तपणा आहे, एक बाटली चढवून टाका’ असा आग्रह आपणच धरू नये. आणि हे वाचून कोणी आईने दूध तोडू नये. जपानमध्ये बाधित आईला बाटलीचे दूध सुचवतात, कारण तिथे गरोदरपणीच रक्त तपासतात आणि नळाला शुद्ध पाणी आहे. तपासणी न करता आपल्या वस्तीत अंगावरचे दूध सोडले तर बाळ जुलाबाने जाण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

मग महाराष्ट्रात कोणाचे पाय ताठ होऊ लागले तर? आधी बरे होण्यासारखी कारणे शोधायची : मणक्याचा टीबी, सरकलेल्या चकतीचा किंवा गाठीचा मज्जारज्जूवर दाब, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पूर्व विदर्भात लाखोळी डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यानेही अगदी असेच पाय ताठ होतात. फरक वेगातच आहे. लाखोळीचा लंगडेपणा काही दिवसांत-आठवड्यांत येतो आणि डाळ बंद केली की तिथेच थांबतो. विषाणूचा वर्षानुवर्षे सरकत राहतो. ही कारणे नाहीत असे एमआरआय आणि रक्ततपासणीतून दिसले, आणि तरीही पाय बिघडत चालले, तर मेडिकल कॉलेजच्या मज्जाविकार विभागात ‘एचटीएलव्ही-१ तपासायचे का?’ असे विचारावे.

तिथे जाताना एक वही न्या. लंडनमधल्या रुग्णांचा वेग डॉक्टर दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात यावरून मोजतात. आपल्याला ते घरीही जमते. दारापासून नळापर्यंतचे किंवा बुद्धविहाराच्या पायरीपर्यंतचे एकच अंतर ठरवा, मोबाइलवर सेकंद मोजा, महिन्यातून एकदा त्याच वेळी, त्याच चपलेने चालून आकडा लिहा. शेजारी लिहा की त्या आठवड्यात ताप होता का, लघवीला जळजळ होती का, किती वेळा पडलात, काठी कधीपासून घेतली. सहा महिन्यांची अशी एक पानभर नोंद पाहिली की डॉक्टरांना कळते की आग पेटलेली आहे की विझत आली आहे.